रूढी, शास्त्र आणि खरखरणारी गाणी

२०१० सालच्या अखेरीस लिनक्सची ‘फेडोरा १४’ ही आवृत्ती बाहेर पडली आणि ती बसवून घेणाऱ्या काहींच्या कॉम्प्युटरवर वेबसाइटवरची गाणी खरखरू लागली. स्पीकर ठीक होते, वायरी ठीक होत्या, साउंड कार्डाला काही झालेलं नव्हतं. तेच गाणं दुसऱ्या प्लेअरवर लावलं की स्वच्छ वाजायचं. ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेअरवर लावलं की मात्र कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. गंमत अशी की फ्लॅशमध्ये कुणी काही बदललंच नव्हतं. आदल्या आवृत्तीवर सुरळीत गाणारी तीच फाइल, एका बाइटचाही फरक न पडता, घसा बसल्यासारखी गात होती.

बदल झाला होता तो खाली, पायाकडे. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम ‘ग्लिबसी’ नावाच्या एका सामायिक लायब्ररीवर उभे असतात. तिच्यात ‘मेमकॉपी’ ही अगदी साधी आज्ञा आहे: मेमरीतला मजकूर इथून उचल, तिथे ठेव. नव्या आवृत्तीत काही प्रोसेसरांवर हे काम अधिक वेगानं व्हावं म्हणून मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे उचलायची पद्धत आली. एरवी याचा कुणाला पत्ताही लागू नये. पण शाळेच्या पाटीवरची एक ओळ दोन घरं डावीकडे सरकवायची आहे असं समजा. डावीकडून एकेक अक्षर उचलून दोन घरं अलीकडे लिहीत गेलं तर ओळ नीट सरकते. उजवीकडून सुरुवात केली, तर शेवटचं अक्षर ज्या घरात जाऊन बसतं तिथलं अक्षर अजून उचललेलंच नसतं, ते पुसलं जातं. फ्लॅश नेमकी अशीच ओळ सरकवत होता. पुसलेल्या अक्षरांची ती खरखर होती.

मग भांडण जुंपलं. ग्लिबसी सांभाळणाऱ्यांची बाजू पक्की होती. ‘सी’ भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणसंहितेत लिहून ठेवलं आहे की उचलायची जागा आणि ठेवायची जागा एकमेकींवर येत असतील तर मेमकॉपीच्या निकालाची कुठलीही हमी नाही. त्या कामासाठी ‘मेममूव्ह’ ही वेगळी आज्ञा आहे. फ्लॅशनं नियम मोडला, शिक्षा फ्लॅशला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स या वादात उतरला तो उलट बाजूनं. काल गाणं वाजत होतं, आज वाजत नाही, आणि वापरणाऱ्याला प्रमाणसंहितेशी काय देणंघेणं, असा त्याचा रोख होता. त्यानं नुसता वाद घातला नाही, मेमकॉपीच्या जागी बसणारा छोटासा तुकडा लिहूनही दाखवला. तो जोडला की गाणी पुन्हा स्वच्छ.

दोघांपैकी चूक कुणाचीच म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हा वाद कॉम्प्युटरच्या बाहेरचा आहे. एक बाजू लिहिलेल्या वचनाकडे बोट दाखवते, दुसरी चालत आलेल्या वहिवाटीकडे. आपल्याकडे या दोघांना नावं आहेत: शास्त्र आणि रूढी. त्यांच्या भांडणावर या देशात दोन-अडीच हजार वर्षं शाई खर्च झाली आहे.

त्या भांडणातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मराठी घरातलंच आहे, मामाच्या मुलीशी लग्नाचं. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या लोकांचे म्हणून जे पाच खास आचार सांगितले आहेत त्यांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह येतो. उत्तरेकडच्यांचेही पाच आहेत. ज्या प्रदेशात जो आचार रुळला तिथे तो करण्यात दोष नाही, दुसरीकडे केला तर दोष, असं एक मत तिथे नोंदवलेलं आहे, आणि लगेच पुढे गौतमाला हे मान्य नाही हेही. कुमारिल भट्टानं या विवाहावर कडाडून टीका केली. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवरच्या भाष्यात त्याची सविस्तर पाठराखण केली. ग्रंथ एकमेकांशी भांडत राहिले, आणि इकडे महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क धरायचा तो धरला गेलाच.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची यातली युक्ती तर एखाद्या मुरलेल्या प्रोग्रामरला शोभावी अशी. शिष्ट लोकांत एखादा चांगला आचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दिसतो, पण वेदात त्याचं वचन सापडत नाही. मग काय करायचं? मीमांसक म्हणतात, वचन होतं असं अनुमान करा. ते आज आपल्याला उपलब्ध नाही इतकंच. चालतंय त्या अर्थी कुठेतरी परवानगी असणारच! कागदपत्रं न वाचता प्रोग्राम लिहिणाऱ्या लाखो लोकांचं तत्त्वज्ञान याहून वेगळं नसतं.

इंग्रज आले, कोर्टं आली, तेव्हा हाच प्रश्न न्यायाधीशांपुढे पडला. रामनाडच्या जमीनदारीतल्या एका विधवेच्या दत्तकाचा खटला मदुरेहून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८६८ साली निकाल देताना कौन्सिलनं म्हटलं की हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातल्या लिखित वचनावर मात करतो. पुढची जवळपास नव्वद वर्षं भारतातली कोर्टं या वाक्याचा आधार घेत राहिली.

सॉफ्टवेअरच्या जगाला हे वाक्य फार उशिरा सुचलं. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या अभियंत्याच्या नावानं ते आज ओळखलं जातं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: एखाद्या गोष्टीला वापरणारे पुरेसे जमले की तुम्ही कागदावर काय कबूल केलं होतं याला महत्त्व उरत नाही, तिच्या प्रत्येक दिसणाऱ्या सवयीवर कुणी ना कुणी विसंबून राहिलेलं असतं. चुकांवरसुद्धा. या विषयावर ‘एक्सकेसीडी’ या व्यंगचित्रमालिकेत एक झकास चित्र आहे. स्पेसबार दाबून धरला की प्रोसेसर तापायचा, तो दोष कंपनी काढून टाकते आणि एक गृहस्थ तक्रार करतात की त्यांची सगळी कामाची पद्धत त्या तापण्यावर बेतलेली होती, तेव्हा तापणं परत द्या. हसून झालं की लक्षात येतं, गृहस्थांची मागणी हास्यास्पद का आहे हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही.

मायक्रोसॉफ्टनं तर अशी एक मागणी न मागता पुरी केली होती. सिमसिटी या लोकप्रिय खेळात एक चूक होती: मेमरीचा तुकडा परत करून टाकल्यावरही तो खेळ त्याच तुकड्यातून वाचत राहायचा. भाड्याची खोली सोडल्यावरही जुन्या किल्लीनं आत जाऊन कपाटातलं सामान काढावं तसं. जुन्या व्यवस्थेत ती खोली लगेच दुसऱ्या कुणाला दिली जात नसे, म्हणून सामान जिथल्या तिथे मिळायचं. विंडोज ९५ मध्ये खोल्या ताबडतोब दुसऱ्याला जाऊ लागल्या आणि खेळ कोसळू लागला. आता चूक उघड उघड खेळाची. पण ग्राहक काय म्हणणार? नवं विंडोज घेतलं आणि माझा खेळ बंद पडला. जोएल स्पोल्स्की यांनी २००४ च्या एका लेखात सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे विंडोजच्या चमूनं त्या खेळाची आतून चिरफाड केली, दोष शोधला आणि विंडोजमध्येच खास तरतूद केली: सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरीच्या खोल्या जरा उशिरानं रिकाम्या करा.

टोरवाल्ड्सनं लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, याच वृत्तीचा कायदा केला. कर्नलमधल्या बदलानं वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम मोडला तर ती कर्नलची चूक. प्रोग्रामला दोष द्यायचा नाही. २०१२ मध्ये हा कायदा विसरलेल्या एका सहकाऱ्याची त्यानं जाहीर मेलमध्ये जी हजेरी घेतली ती अजून लोक एकमेकांना दाखवतात. भाषा शोभणारी नव्हती, मुद्दा मात्र पक्का होता. (ग्लिबसी कर्नलचा भाग नाही, त्यामुळे फ्लॅशच्या प्रकरणात त्याची सत्ता चालेना. धर्मपीठ एकाचं, देऊळ दुसऱ्याचं.)

अ‍ॅपलचा संप्रदाय वेगळा. तिथे शास्त्र ठरावीक काळानं नवं होतं आणि जुन्या आचारांना मुदत मिळते. २००६ मध्ये मॅक कॉम्प्युटर इंटेल प्रोसेसरवर गेले तेव्हा जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ‘रोझेटा’ हा दुभाषा दिला, आणि २०११ मध्ये तो काढून घेतला. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि आयफोनवरची ३२ बिटांची सगळी ॲप्स एका अपडेटसरशी मुकी झाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कॅटालिना आल्यावर मॅकवरही तेच. ऑफिस २०११ सारखा पैसे मोजून घेतलेला आणि रोजच्या वापरातला संच उघडेनासा झाला. इशारे आधीपासून दिले होते हे खरं. ‘या ॲपच्या निर्मात्यानं ते अद्ययावत करायला हवं’ अशा अर्थाची पाटी पडद्यावर झळकायची. पण निर्माताच उरला नसेल तर? एकट्यानं खोलीत बसून लिहिलेलं एखादं सुंदर ॲप, लिहिणारा दुसऱ्या धंद्यात गेलेला, कंपनी कधीच गुंडाळलेली. त्या पाटीचा पत्ता चुकलेला असतो.

धर्मशास्त्राला ही अ‍ॅपलची रीतही ठाऊक होती. पूर्वी शास्त्रसंमत असलेल्या पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या याद्या मध्ययुगातल्या निबंधकारांनी केल्या. त्यांना कलिवर्ज्य म्हणतात. नियोग त्यांत आहे, समुद्रप्रवास आहे, पाहुण्यासाठी पशू मारणं आहे. जुनं वचन खोटं ठरवलेलं नाही, फक्त ‘या युगात चालत नाही’ असा शेरा. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ लिहिला तो याच गरजेतून: एवढ्या वचनांपैकी आज, इथे, नेमकं काय चालतं? महाराष्ट्रातले भटजी पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो हाताशी ठेवून निर्णय देत आले.

बंद पडलेलं ॲप दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला मात्र यातलं काही आठवत नाही. त्याला एकच प्रश्न असतो: झालं कशामुळे? आणि इथेच पहिली फसगत होते. रात्री अपडेट आलं, सकाळी ॲप उघडेना. मग अपडेटनंच घात केला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, या आपल्या म्हणीत हीच शंका आहे. संस्कृतात तिला काकतालीय न्याय म्हणतात. नैयायिकांनी तर कारणाची व्याख्याच या धोक्यावर नजर ठेवून केली. कार्याच्या आधी नियमानं असलेलं ते कारण, पण ते ‘अन्यथासिद्ध’ नसावं. म्हणजे आधी हजर होतं खरं, पण त्याचा त्या कार्याशी संबंध नाही, असं नसावं. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त घट घडण्याच्या प्रसंगी हजर असूनही कारण न ठरणाऱ्यांची गणना आहे. तिच्यात कुंभाराचा बाप आहे, आणि माती वाहून आणणारं गाढवही आहे. बाप नसता तर कुंभार नसता, कुंभार नसता तर घट नसता, तरीही घटाचं कारण बाप नव्हे. कुठलंही मदत केंद्र चालवणाऱ्यानं हे गाढव भिंतीवर टांगावं.

२०२१ च्या मार्चमध्ये या गाढवानं जगभर गोंधळ घातला. अँड्रॉइड फोनवर जीमेलसारखी ॲप्स उघडताच मिटू लागली. लोकांनी जे सुचतं ते सगळं केलं: फोन बंद करून चालू केला, जीमेल काढून पुन्हा टाकलं, कॅशे पुसली, फोनच्या कंपनीला शिव्या घातल्या. जीमेल निर्दोष होतं. फोनही निर्दोष होता. बदललं होतं ते ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ नावाचं एक ॲप. इतर ॲप्सना आपल्या पोटात वेबपेज दाखवता यावं यासाठी ते असतं आणि कुणी ते मुद्दाम उघडत नाही. त्याचं ताजं अपडेट काढलं की बाकीची ॲप्स पूर्ववत चालू लागत. नंतर गूगलनं वेबव्ह्यू आणि क्रोम या दोन्हींची सुधारलेली आवृत्ती पाठवली. ज्यांनी उपाय शोधला त्यांनी अन्वय आणि व्यतिरेक हेच दोन पाय वापरले: हे असताना बिघाड आहे का, आणि हे काढल्यावर बिघाड जातो का? नुसतं पहिलं पुरत नाही. दुरुस्तीचे बहुतेक तास दुसऱ्या प्रश्नावर जातात, कारण एका वेळी एकच गोष्ट काढून पाहायला जो धीर लागतो तो बॉस मागे उभा असताना कुणाकडे नसतो.

पण इथे जरा थांबायला हवं. वेबव्ह्यूच्या गोष्टीत जीमेल ‘न बदलता’ बंद पडलं, फ्लॅश ‘न बदलता’ खरखरला. मग काल जे चालत होतं, ते चालणं नेमकं कुणाचं होतं? ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला रथ हे नाव आहे. नागसेनानं रस्त्याबद्दल विचारलं नव्हतं. रथ असण्यासाठी रस्ता लागत नाही; चालण्यासाठी लागतो. ॲप विकत घेणारा असतो तो चालणं विकत घेत असतो, आणि त्याला मिळतो तो फक्त रथ. बौद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादाची इतकी रोकडी प्रचिती दुसरीकडे क्वचितच येत असेल: अमुक आहे म्हणून तमुक आहे, आणि अमुक सरकलं की तमुक कोसळतं, तमुकानं काही पाप केलेलं नसतानाही.

मग दुरुस्ती म्हणजे काय? रथ रस्त्याजोगा करा, नाहीतर रस्ता रथाजोगा. तिसरी एक वाट आहे, ती जास्त मजेदार आहे: रथाला जुन्याच रस्त्यावर असल्याचा भास करून द्या.

विंडोजनं ही तिसरी वाट फार कसबानं वापरली. व्हिस्टामध्ये, २००७ साली, सुरक्षेसाठी साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामांना ‘प्रोग्राम फाइल्स’च्या फोल्डरमध्ये लिहायची बंदी झाली. जुने प्रोग्राम तर बिनदिक्कत तिथेच आपल्या नोंदी ठेवायचे. मग विंडोज काय करतं? प्रोग्रामला लिहू देतं, पण लिहिलेलं गुपचूप वापरकर्त्याच्या खासगी कोपऱ्यात नेऊन ठेवतं, आणि प्रोग्राम पुन्हा वाचायला आला की तिथूनच आणून दाखवतं. बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटतं की आपण मूळ जागीच लिहितोय. त्याच्या कितीतरी आधी विंडोज ९५ नं काही जुन्या प्रोग्रामांना आपलं वयच खोटं सांगितलं होतं. आवृत्ती ३.१ किंवा तिच्यानंतरची आहे का, हे तपासताना अनेकांनी बिंदूनंतरचा आकडा १० पेक्षा लहान नाही ना, एवढंच पाहिलं होतं. ४.० सांगितलं असतं तर त्यांनी ‘फार जुनं विंडोज दिसतंय’ म्हणून काम नाकारलं असतं. म्हणून उत्तर ठरलं ३.९५.

अद्वैत्यांना यात प्रातिभासिक सत्ता, म्हणजे भासापुरतं खरेपण, दिसेल. नीतीच्या अंगानं पाहणाऱ्याला आठवेल तो महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक. दरोडेखोरांनी विचारल्यावर त्यानं लपलेल्या माणसांचा पत्ता खरा सांगितला आणि त्या सत्यापायी तो नरकात गेला, ही कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो. विंडोज ९५ लिहिणाऱ्यांना कौशिक व्हायचं नव्हतं. मात्र अशा खोटेपणाची किंमत लगेच दिसत नाही. पडद्याआड एक जग, पडद्यावर दुसरं. पाच वर्षांनी कुणी त्या प्रोग्रामच्या नोंदींचा बॅकअप घ्यायला जातो आणि मूळ फोल्डर रिकामं पाहून चक्रावतो.

किंमत याहून जबरही असते. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं जगभरच्या फाइलींना कुलूप ठोकलं, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ते शिरलं ते फाइली वाटून घेण्याच्या ‘एसएमबी’ या पद्धतीच्या फार जुन्या, सुसंगतीपोटी जिवंत ठेवलेल्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ते न घेणाऱ्यांत आळशी होते तसे भित्रेही असणार, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती: अपडेट घेतलं आणि विभागातला जुना प्रोग्राम बसला तर? त्या भीतीला पुढच्याच महिन्यात नवं खाद्य मिळालं. ‘नॉटपेट्या’ हे तसलंच घातक सॉफ्टवेअर पसरलं ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या आणि त्याचा धक्का आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत आला. तिथलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल त्यात अडकलं. मे महिन्यात अपडेट न घेतलेले बुडाले, जूनमध्ये अपडेट घेतलेले.

म्हणजे रूढीला सरसकट मान द्यायचा म्हटलं तरी पंचाईत आहे. कायद्यानं यावर अटी घातल्याच आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात रूढी म्हणजे काय हे सांगताना ती दीर्घकाळ अखंड आणि सारखी पाळलेली हवी, निश्चित हवी, आणि अवाजवी किंवा लोकहिताच्या विरुद्ध नसावी, असं म्हटलं आहे. सिमसिटी या कसोटीला उतरतो: खेळ चालू ठेवल्यानं शेजाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. एसएमबीची पहिली आवृत्ती उतरत नाही, कारण एकानं उघडं ठेवलेलं दार साऱ्या वाड्याला महागात पडतं. स्पेसबारवाले गृहस्थ पहिल्याच अटीत बाद, त्यांचा आचार त्यांच्या एकट्याचा आहे. अ‍ॅपलची ३२ बिटांची ॲप्स? तिथे शेजाऱ्याचं नुकसान दाखवणं अवघड आहे. होती ती सांभाळणाऱ्याची गैरसोय. गैरसोयीला लोकहित म्हणून खपवायची खोड पुरोहितांना होती तशी कंपन्यांनाही आहे. जमीन हलवायची ताकद ज्याच्या हाती आहे, लोकहिताचा पुरावा देण्याचा भार त्याच्यावरच पडायला हवा, चालत आलेलं वापरणाऱ्यावर नव्हे. इतपत तरी टोरवाल्ड्सची बाजू घ्यावीच लागते.

मराठी माणसाला यातला एक सुसह्य तोडगा रोज बोटांखाली सापडतो, बहुधा नकळत. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. हा फरक लिहून दाखवतो तो आपला चंद्रकोरीसारखा आडवा र. युनिकोडमध्ये तो मिळवायचा प्रमाण मार्ग म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. पण युनिकोडच्या २.० या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसराही मार्ग मानकानं मान्य ठेवला: साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक. दोन्ही मार्गांनी कागदावर एकच अक्षर उमटतं. जुन्या फाइली वाचता येतात, कुणाचे आचारी आचार्य होत नाहीत. फक्त शोधायला गेलं की घोळ होतो. एकानं एका रीतीनं लिहिलेले आचारी दुसऱ्यानं दुसऱ्या रीतीनं शोधले तर सापडतीलच असं नाही, डोळ्यांना दोन्ही शब्द जुळे दिसत असूनही.

ज्यांना हा तोडगा मिळाला नाही त्यांची गत डीटीपीवाल्यांना विचारावी. युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो; फाँट आणि त्याला चालवणारा जुना प्रोग्राम हे दोन्ही गेले की अख्खी कादंबरी अक्षरशः निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग होते. म्हणूनच एखाद्या छापखान्यात एखादा जुनाट कॉम्प्युटर इंटरनेट तोडून, धूळ झटकून, सोवळ्यात ठेवल्यासारखा जपलेला असतो. त्याला अपडेट दाखवायचंच नाही. हीही एक दुरुस्तीच, आणि घोषणा न करता पाळली जाणारी रूढीही.

फ्लॅशच्या खरखरीचा निकाल २०११ मध्ये लागला. ग्लिबसीच्या २.१४ या आवृत्तीनं मेमकॉपीला दोन रूपं दिली. त्यानंतर नव्यानं बांधलेल्या प्रोग्रामांना नवं, वेगवान, नियमावर बोट ठेवणारं रूप. आधी बांधलेल्यांना जुनं, चूक पोटात घालणारं. हिंदू विवाह कायद्यानंही दुसऱ्या लग्नांबाबत हेच केलं होतं: कायदा लागू झाल्यानंतरचं दुसरं लग्न रद्दबातल, आधीची लग्नं आणि त्या बायका मात्र उघड्यावर नाहीत. जे जुन्या वचनावर संसार मांडून बसले त्यांना उठवायचं नाही, नव्यांना नवी अट.

फ्लॅश स्वतः पुढे नऊ-दहा वर्षं जगला. ॲडोबीनं २०२० च्या ३१ डिसेंबरला त्याला मूठमाती दिली आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालू होणंही बंद केलं. त्याच्याआधी काही आठवडे इंटरनेट आर्काइव्हनं ‘रफल’ या नव्या प्रोग्रामच्या आधारानं जुने फ्लॅश खेळ आणि चलच्चित्रं ब्राउझरमध्ये पुन्हा चालती केली होती. त्यात फ्लॅशच्या मूळ प्लेअरचं काहीच नाही. आणि ग्लिबसीत आजही ६४ बिटांच्या लिनक्सवर मेमकॉपीच्या नावापुढे दोन लेबलं दिसतात, एक २.१४ आणि दुसरं २.२.५. ज्या पाहुण्यामुळे ते दुसरं दार ठेवावं लागलं तो येत नाही. त्याच्याबरोबर आणखी कोण कोण त्या दारानं ये-जा करत असेल याची यादी कुणाकडेच नाही, त्यामुळे दार उघडं आहे.